दोराला बांधलेली विमानं

आमच्या तेलगावात साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला, की रस्त्यावर दुसरं काही दिसतच नाही. नुसता ऊस! टायरच्या बैलगाड्या, ट्रक, आणि एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. शाळा सुटली की आमची पोरं रस्त्याच्या कडेला घुटमळत राहतात. कशासाठी, ते तुम्हाला सांगायला नकोच. मी दिसले की सगळ्यांचे हात पाठीमागे जातात आणि उसाची कांडी गुडूप होतात!

तर अशाच हंगामातल्या एका दिवशी चौथीच्या वर्गात विमानांचा विषय निघाला. मी म्हटलं, "इंजिन नसलेलं विमानसुद्धा असतं बरं का! त्याला ग्लायडर म्हणतात. दुसरं विमान त्याला दोराने ओढून वर नेतं आणि सोडून देतं." सगळा वर्ग हसला. एक मुलगा मात्र हसला नाही. त्याचे वडील उसाचा ट्रॅक्टर चालवतात. तो म्हणाला, "मॅडम, एका विमानामागं एकच का दोन?"

मी क्षणभर गप्पच झाले. कारण नेमका हाच प्रश्न १९४४ साली आपल्या आसाममधल्या एका धावपट्टीवर मोठमोठ्या सेनाधिकाऱ्यांपुढे उभा होता. त्यांनी "दोन" असं उत्तर दिलं आणि ते फार महागात पडलं. त्या रात्रीची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

पण आधी, इंजिन नसलेलं विमान पडत का नाही?

तेलगावहून धारूरला जाताना घाट लागतो. वर चढताना सायकल हाणून हाणून जीव जातो. पण उतरताना? पायडल न मारताही सायकल पळतेच ना! आपण चढून मिळवलेली उंची उतरताना थोडी थोडी खर्च होत असते. ग्लायडरचं तसंच आहे. त्याला उंची मिळवून द्यावी लागते. एकदा ती मिळाली, की ते हवेच्या उतारावरून घसरत घसरत पुढे जातं. पंखांवरून वाहणारी हवा त्याला तोलून धरते. वेग फार कमी झाला तर मात्र पंख हवेला धरत नाहीत, म्हणून ग्लायडरचं नाक नेहमी किंचित खाली ठेवावं लागतं.

डी.एड.ला असताना आमची सहल पुण्याला गेली होती. तेव्हा हडपसरला मी पहिल्यांदा ग्लायडर पाहिलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच नावाचं यंत्र होतं, ते लांबलचक दोर गुंडाळत होतं. विहिरीतून बादली वर यावी तसं ते पांढरं ग्लायडर सरसर वर चढलं, दोर सुटला, आणि मग आवाजच नाही! घारीसारखं गिरक्या घेत राहिलं. मी तर बघतच राहिले. एवढी शांत वस्तू लढाईत वापरली गेली असेल, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

पण लढाईला हवी होती तीच शांतता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाठीमागे सैनिक उतरवायचे तर पॅराशूटचा एक मार्ग होता. त्यात अडचण अशी, की वाऱ्याने माणसं विखुरतात. अंधारात एकमेकांना शोधण्यातच वेळ जातो. शिवाय त्या काळी जीप किंवा तोफ पॅराशूटने टाकणं सोपं नव्हतं. ग्लायडरमधून मात्र दहा-बारा जण एकत्र, एकाच जागी, हत्यारांसकट आणि फारसा आवाज न करता उतरत. १० मे १९४० रोजी जर्मनीचे सुमारे ऐंशी सैनिक नऊ ग्लायडरमधून बेल्जियमच्या एबेन एमाएल किल्ल्याच्या थेट छपरावर उतरले. जगातल्या अतिशय बळकट किल्ल्यांत त्याची गणना व्हायची, पण तो दुसऱ्याच दिवशी शरण गेला. मग इंग्लंड-अमेरिकेनेही ग्लायडर बनवायला घेतली.

अमेरिकेचं जे ग्लायडर आपल्या गोष्टीत येणार आहे, त्याचं नाव वाको सीजी-४ए. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, लाकूड आणि वरून ताणून बसवलेलं कापड. बस्स! हजारो ग्लायडर लवकर हवी होती, म्हणून निरनिराळ्या कारखान्यांना काम वाटून दिलं होतं. पियानो बनवणाऱ्या एका प्रसिद्ध कारखान्यातही त्याचे भाग तयार होत. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ८३ फुटांच्या वर. वैमानिक धरून पंधरा माणसं मावत, किंवा माणसांऐवजी एक जीप. ती जीप आत कशी जाणार? तर पुढचं अख्खं नाक, वैमानिकांच्या खुर्च्यांसकट, पेटीच्या झाकणासारखं वर उचललं जाई!

आता या विमानात बसलेल्या माणसाचा विचार करा. साध्या विमानाला उतरताना चूक झाली तर इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जाता येतं, एक चक्कर मारून परत प्रयत्न करता येतो. ग्लायडरला ती सोय नाही. एकदा दोर सोडला, की जी जागा समोर येईल तिथे उतरायचं. खाली खड्डा असो, झाड असो, नाहीतर पाणी. १९४३ च्या जुलैत इटलीजवळच्या सिसिली बेटावर अशीच मोहीम निघाली होती. वारा जोराचा होता, ओढणाऱ्या विमानांनी दोर लवकर सोडले, आणि निम्म्याच्या आसपास ग्लायडर समुद्रातच पडली. आतल्या सैनिकांना पॅराशूटही दिलेलं नसे.

चला, आता आसामला जाऊ. तिथे कछार भागात, आजच्या हैलाकांदी जिल्ह्यात, लालाघाट नावाची जागा आहे. १९४४ साली ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, जपानच्या ताब्यात होता. ब्रिटिशांचे जनरल ऑर्ड विंगेट यांनी ठरवलं, की जपानी फौजेच्या समोरून न जाता तिच्या पाठीमागे, जंगलाच्या मधोमध आपले हजारो सैनिक नेऊन ठेवायचे. या सैनिकांना 'चिंडिट' म्हणत. त्यांत ब्रिटिश होते, गुरखे होते, आफ्रिकेतल्या नायजेरियाचेही होते. जंगलात चालत जायला आठवडे लागले असते. म्हणून अमेरिकेचं एक हवाई दल मदतीला आलं. त्याचे प्रमुख कर्नल फिलिप कॉक्रन आणि उपप्रमुख जॉन अ‍ॅलिसन. त्यांच्याकडे दीडशे वाको ग्लायडर होती. मोठाल्या पेट्यांतून ती कराचीला आली, तिथे जोडली गेली आणि दोराला बांधून थेट भारताच्या दुसऱ्या टोकाला आणली गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच महिन्यात, त्याच सरहद्दीच्या डोंगरांत नेताजींची आझाद हिंद सेना जपान्यांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध लढत होती. दोन्हीकडे आपलीच माणसं! म्हणून या गोष्टीत "आपला" कोण आणि "परका" कोण, हे मी वर्गात सांगू शकले नाही. मुलांनी विचारलं तेव्हा तसं कबूलच केलं.

ब्रह्मदेशच्या जंगलात दोन मोकळी मैदानं निवडली होती. त्यांना नावं दिली ब्रॉडवे आणि पिकॅडिली, म्हणजे न्यूयॉर्क आणि लंडनमधले प्रसिद्ध रस्ते. पुढे आणखी एक मैदान घेतलं, त्याचं नाव चौरंगी, आपल्या कोलकात्याच्या रस्त्यावरून! आधी ग्लायडर उतरायची, त्यातल्या लोकांनी लहान बुलडोझर काढून धावपट्टी करायची, आणि दुसऱ्या रात्रीपासून मोठी विमानं उतरवायची, अशी योजना होती.

५ मार्च १९४४, रविवार. लालाघाटला संध्याकाळी सगळी ग्लायडर ओळीने उभी. विंगेट यांनी त्या मैदानांवर विमान फिरवायला मनाई केली होती, जपान्यांना संशय नको म्हणून. पण कॉक्रन यांना राहवेना. त्यांनी आपल्या जबाबदारीवर एक विमान पाठवून फोटो काढवले. ते ओले फोटो निघायच्या थोडाच वेळ आधी हातात आले. पाहतात तो काय, पिकॅडिलीच्या मैदानभर झाडांचे ओंडके पसरलेले! शत्रूला सुगावा लागला की काय? सगळे हादरले. (खरं तर ते ओंडके तिथल्या लाकूडतोड्यांनी टाकलेले होते, पण हे नंतर कळलं.) बरीच चर्चा झाली. शेवटी ब्रिगेडियर मायकेल कॅल्व्हर्ट यांनी आपली सगळी माणसं एकट्या ब्रॉडवेवरच न्यायची तयारी दाखवली. तासाभराच्या उशिराने पहिलं विमान निघालं.

आणि इथे आमच्या वर्गातल्या त्या मुलाचा प्रश्न येतो. ओढणारी विमानं होती डाकोटा. ती कमी, ग्लायडर जास्त. म्हणून प्रत्येक डाकोटामागे दोन-दोन ग्लायडर बांधली. एक दोर लांब, एक आखूड, म्हणजे ती एकमेकांवर आदळू नयेत. दोर नायलॉनचे, शेकडो फूट लांब.

मी एवढं सांगितल्यावर तो मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, मागची ट्रॉली लई हेलकावे खाती. म्होरं जरा धक्का बसला की मागं डबल बसतो." मला त्याचं फार कौतुक वाटलं. अगदी तसंच झालं होतं! एका दोराला ताण बसला की डाकोटा झटका खाई, की दुसऱ्या दोराला हिसका. त्यात वाट डोंगरांवरून, सात-आठ हजार फूट उंची गाठायची, रात्रीची वेळ, समोर धूसर हवा. पुढच्या विमानाचा मिणमिणता दिवा पाहत ग्लायडर सांभाळायचं.

बरं, एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण ग्लायडरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त वजन होतं. ते कुणी भरलं? कुणा एकाने नाही. प्रत्येकानेच. जंगलात जायचं, परत कधी यायचं माहीत नाही, अशा वेळी कोण आपली पिशवी हलकी ठेवील? कुणी जास्तीची काडतुसं घेतली, कुणी खायचे डबे, कुणी आणखी काही. प्रत्येकाचं एवढं-एवढंसंच. मला त्या सैनिकांना दोष द्यावासा वाटत नाही. आमच्या गावचे ऊसतोड मजूर सहा महिन्यांसाठी घर सोडून कारखान्यांवर जातात, तेव्हा त्यांच्या गाड्यांत काय काय भरलेलं असतं ते मी पाहिलंय. शिळ्या भाकरीपासून कोंबडीच्या डालग्यापर्यंत! पण गाडीला रस्त्याचा आधार असतो. ग्लायडरला फक्त दोराचा.

आणि दोर तुटू लागले. काही ग्लायडर आसामातच खाली आली, काही डोंगरांपलीकडे, काही थेट जपान्यांच्या मुलखात. त्या रात्री साठाहून जास्त ग्लायडर निघाली होती, ब्रॉडवेपर्यंत साधारण निम्मीच पोचली. गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, भलतीकडे पडलेल्या ग्लायडरमुळे जपानी मात्र गोंधळले. इतक्या ठिकाणी माणसं उतरली, तर यांचा बेत तरी काय, हेच त्यांना कळेना. खरं ठिकाण सापडायला त्यांना आठवडाभर लागला.

ब्रॉडवेवर जे पोचले त्यांचे हाल वेगळेच. वरून काढलेल्या फोटोत ते मैदान सपाट दिसत होतं. प्रत्यक्षात उंच गवताखाली खोल चर होते. हत्तींनी सागाचे ओंडके ओढून ओढून पडलेले! पहिली ग्लायडर उतरली ती चाकं मोडून तिथेच बसली. खालची माणसं ती बाजूला ओढायला धावली, तेवढ्यात वरून पुढची ग्लायडर आलीच. त्यांना थांबवणार कसं? वर घिरट्या घालत थांबायला इंजिन कुठे होतं! अंधारात एकावर एक आदळत गेली. तीसच्या आसपास माणसं त्या रात्री तिथे मरण पावली, तेवढीच जखमी झाली. धावपट्टी बांधणाऱ्या तुकडीचा प्रमुख अधिकारीही त्यात गेला.

एका ग्लायडरमध्ये बुलडोझर होता. ते मैदान ओलांडून थेट झाडांत घुसलं. दोन्ही पंख दोन झाडांनी कापून काढले, आतला बुलडोझर सुटला आणि पुढे धावला. आता वैमानिक चिरडणार! पण मघाशी सांगितलेलं ते नाक आठवतंय ना, झाडांचा धक्का आणि बुलडोझरचा जोर यांनी ते झाकणासारखं वर उघडलं, बुलडोझर खालून बाहेर निघून गेला, आणि नाक पुन्हा जागेवर. दोन्ही वैमानिक सुखरूप! अशी हकिगत सांगतात. वर्गात या जागी टाळ्या पडल्या.

आणखी एक माणूस त्या रात्री ग्लायडर चालवत होता, जॅकी कूगन. चार्ली चॅप्लिनचा 'द किड' नावाचा १९२१ सालचा मूकपट तुम्ही किंवा तुमच्या आई-बाबांनी पाहिला असेल. त्यात चार्लीबरोबर जो गोड छोकरा आहे, काचा फोडत फिरतो, तोच हा! मोठा होऊन ब्रह्मदेशच्या जंगलात काळोखात उतरला.

कॅल्व्हर्ट यांनी निघण्यापूर्वी दोन सांकेतिक शब्द ठरवले होते. सगळं ठीक असेल तर 'पोर्क सॉसेज' आणि घात झाला तर 'सोया लिंक'. सोया लिंक म्हणजे सैनिकांना मिळणारा सोयाबीनचा एक पदार्थ, जो कुणालाही आवडत नसे! रात्री उशिरा ब्रॉडवेवरून बिनतारी संदेश आला: सोया लिंक. लालाघाटला सगळ्यांचे चेहरे उतरले. वाटेत असलेली ग्लायडर परत बोलावली. पुढे काय झालं ते काहीच कळेना.

पण सकाळ झाल्यावर ब्रॉडवेवरच्या माणसांनी आजूबाजूला पाहिलं. शत्रू कुठेच नव्हता. काहीशे माणसं धडधाकट होती. वाचलेल्या यंत्रांनी आणि फावड्यांनी त्यांनी चर बुजवायला सुरुवात केली. मग संदेश गेला: पोर्क सॉसेज! त्याच संध्याकाळी धावपट्टी तयार झाली, आणि रात्री एकामागून एक साठाच्या वर डाकोटा तिथे उतरल्या. त्याच डाकोटांतून जखमींना परत नेलं. साधारण आठवडाभरात ब्रॉडवे आणि चौरंगी मिळून सुमारे ९,००० माणसं, १,१८३ खेचरं आणि १७५ तट्टं जंगलात पोचली. खेचरांसाठी डाकोटात बांबूचे कप्पे केले होते. शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून कितीतरी खेचरांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाज कायमचा बंद केला होता. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्यांना कुणी विचारलं होतं?

त्या रात्रीनंतर एका डाकोटामागे एकच ग्लायडर असं ठरलं. विंगेट यांना आपल्या मोहिमेचा शेवट पाहता आला नाही. २४ मार्चला त्यांचं विमान मणिपूरच्या डोंगरांत कोसळलं.

ग्लायडर परत कसं आणायचं, यावरही एक युक्ती होती. जमिनीवर दोन काठ्या रोवायच्या, त्यावर दोराचा फास टांगायचा, त्या दोराचं टोक ग्लायडरला. डाकोटा अगदी खालून उडत येई आणि आकड्याने तो फास उचलून ग्लायडरला झपकन वर नेई, घारीने कोंबडीचं पिल्लू उचलावं तसं! ही युक्ती ब्रह्मदेशातही केली गेली. पण बहुतेक ग्लायडरचा प्रवास एकाच बाजूचा. एकदा उतरलं की तिथेच कुजायचं.

युद्ध संपलं, आणि थोड्याच वर्षांत सैन्यातली ग्लायडर जवळजवळ संपली. हेलिकॉप्टर आलं. ते उतरू शकतं, परत वरही जाऊ शकतं. जीप आणि तोफा टाकायला मोठी पॅराशूट तयार झाली. इथे आपल्या महाराष्ट्राशी जवळचा धागा जुळतो.

१९४४ च्या त्याच मार्च महिन्यात मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांशी मोठी लढाई झाली. तिथे आपल्याकडची ५० पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्याबरोबर मराठ्यांची एक पलटण. पॅराशूटवाले असूनही ते जमिनीवरूनच लढले. त्याच वर्षी मराठ्यांची दुसरी एक पलटण इटलीत होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे त्याच पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी ते लढताना मरण पावले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्धानंतर या पलटणीने पॅराशूटचं शिक्षण घेतलं, आणि पुढे ती २ पॅरा (मराठा) झाली.

११ डिसेंबर १९७१ रोजी दुपार उतरताना हीच पलटण, सुमारे सातशे जवान, कर्नल पन्नू यांच्या हाताखाली बांगलादेशातल्या टांगाइलजवळ आकाशातून उतरली. लोहजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायची होती. जवान थोडे विखुरले, काही सामान तळ्यांत पडलं. पण गावकरी धावत आले, त्यांनी ओझी वाहिली. जवानांनी पूल घेतला, आणि उत्तरेकडून रस्त्याने येणारी १ मराठा लाइट इन्फन्ट्री त्यांना पुलापाशी येऊन मिळाली. विमानातून आलेले मराठे आणि पायी आलेले मराठे! १६ डिसेंबरला २ पॅराच्या जवानांनी ढाक्यात प्रवेश केला.

त्या दिवशी टांगाइलवर जी विमानं होती, त्यांत नव्या मोठ्या विमानांबरोबर कोण होतं सांगा पाहू? डाकोटा! ज्यांनी लालाघाटहून ग्लायडर ओढली, त्याच जातीची. सत्तावीस वर्षांनी, मागे दोर न बांधता.

आता एक प्रयोग सांगते, घरी करून पाहा. वहीच्या कोऱ्या कागदाचं नेहमीचं विमान करा. आधी तसंच उडवा आणि किती पावलं गेलं ते मोजा. मग नाकाला कागद अडकवायची एक पिन लावा आणि पुन्हा उडवा. मग दोन पिना, मग तीन, मग चार. प्रत्येक वेळी तीनदा उडवा, सारख्याच जोराने, पंखा बंद करून. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एका पिनेचं विमान सगळ्यांत लांब गेलं, बिनपिनेच्याही पुढे! चार पिनांचं सरळ नाकावर पडलं. त्या ट्रॅक्टरवाल्याच्या मुलाने दोन विमानं दोऱ्याने एकामागे एक बांधून पाहिली. मागचं विमान पुढच्याला घेऊन खाली आलं आणि थेट मोठ्या बाईंच्या टेबलावर!